कर दुकानाचा, मत घराचे
(बेळगावच्या व्यापारी नागरिकांसाठी मतदान व नगरसेवा यांची माहिती)

व्यापारी माणसाला कराची माहिती सांगावी लागत नाही. घरपट्टी केव्हा भरली असता सूट मिळते, परवान्याची मुदत केव्हा संपते, जी.एस.टी.चे विवरणपत्र कोणत्या तारखेस द्यावयाचे, हे सारे त्याच्या मुनिमाच्या जिभेवर असते. परंतु ज्या महानगरपालिकेच्या तिजोरीत तो वर्षानुवर्षे रक्कम भरीत आला, तिच्या निवडणुकीत आपले मत कोणत्या प्रभागात आहे असे त्यास विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, "दुकान रविवार पेठेत आहे, तेव्हा तेथेच असणार." हे उत्तर बरोबर नाही. दुकानाचा कर दुकानाच्या ठिकाणी भरावयाचा असतो. मत मात्र आपण जेथे राहतो तेथेच द्यावयाचे असते. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे मत जुन्या पत्त्यावर पडून राहते, कित्येकांचे दोन ठिकाणी नोंदले जाते, आणि कित्येकांचे कोठेच नसते. यास्तव हा विषय थोडा तपशीलवार मांडण्याचे योजिले आहे.

कर आणि मत यांची फारकत

बेळगावची नगरपालिका १८५१ साली स्थापन झाली. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेचा मतदार होण्यास कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांपैकी काही अट पुरी करावी लागे. साहजिकच पेठेतील दुकानमालक हा वजनदार मतदार असे. भाड्याच्या खोलीत राहणारा हमाल, दुसऱ्याच्या मागावर बसणारा विणकर आणि बहुसंख्य स्त्रिया यादीबाहेर राहत. त्या काळी कर व मत ही एकाच खात्याची दोन पाने होती असे म्हटले तरी चालेल. "आम्ही कर भरतो, म्हणून आमचे मत" ही आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत त्या काळापासून चालत आली आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि ही जोडी फुटली. १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदाराचे वय २१ वरून १८ वर आले. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महानगरपालिका यांना घटनेत स्थान दिले, त्यांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग नेमला आणि त्यांची मुदत पाच वर्षांची ठरविली. या साऱ्या व्यवस्थेत मताचा आधार एकच आहे: वय आणि रहिवास. कोणी किती कर भरतो, याचा मताशी काही संबंध उरलेला नाही. हा व्यापाऱ्यावर अन्याय आहे असे मानण्याचे कारण नाही. गटार तुंबले असता त्याचा त्रास घरमालकास व भाडेकऱ्यास सारखाच होतो. तेव्हा ते साफ करणारा कोण असावा हे ठरविण्याचा अधिकारही दोघांस सारखाच असणे युक्त होय.

तथापि या बदलाचा पेठेवर एक परिणाम झाला, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. पूर्वी खाली दुकान व वर बिऱ्हाड अशी रीत होती. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार, रविवार पेठ येथील कुटुंबे आपापल्या दुकानावरच राहत. पुढे कुटुंबे वाढली, माड्यांची गोदामे झाली आणि बिऱ्हाडे टिळकवाडी, हिंदवाडी, सदाशिवनगर, शाहूनगर अशा वसाहतींत गेली. म्हणजे व्यापाऱ्याचा दिवस एका प्रभागात जातो व रात्र दुसऱ्या. दिवसाच्या प्रभागात तो कर भरतो. रात्रीच्या प्रभागात त्याचे मत. पेठेचा नगरसेवक निवडतात ते पेठेत राहणारे लोक. "आमचे कोणी ऐकत नाही" ही पेठेतील तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे एक कारण येथे आहे, आणि त्यावरचा उपाय पुढे दिला आहे.

रहिवास म्हणजे काय

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याच्या कलम २० मध्ये याविषयी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. पहिली अशी की, एखाद्या मतदारसंघात केवळ राहण्याचे घर मालकीचे वा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. घराचीच ही कथा, तर दुकान किंवा गोदाम यांची गोष्टच नको. दुसरी अशी की, कामानिमित्त काही काळ बाहेरगावी गेल्याने रहिवास तुटत नाही. मालाच्या खरेदीसाठी महिना-दोन महिने सुरतेस किंवा मुंबईस राहणाऱ्या सभासदाने आपले नाव जाईल अशी चिंता करू नये.

त्याच कायद्याची कलमे १७ व १८ सांगतात की, कोणासही एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत, किंवा एकाच यादीत दोनदा, नाव ठेवता येत नाही. आपल्यातील पुष्कळ घराणी राजस्थान, गुजरात किंवा सांगली-कोल्हापूरकडून येथे आलेली आहेत. मूळ गावी घर आहे, कुलाचार आहे, म्हणून तेथील नावही राहू द्यावे, अशी प्रवृत्ती आढळते. भावना समजण्यासारखी असली तरी कायदा तिला वाव देत नाही. यादीसंबंधी जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास कलम ३१ अन्वये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जेथे मुलेबाळे शाळेत जातात, जेथे रोजची चूल पेटते, तेथेच नाव ठेवावे हा सरळ मार्ग.

यादीतील नाव

मतदार ओळखपत्र खिशात असले म्हणजे मत देता येते, हा दुसरा मोठा गैरसमज. ओळखपत्र ही केवळ ओळख होय. अधिकार यादीतील नावाने मिळतो. ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, अशा माणसास केंद्राध्यक्ष मतदान करू देऊ शकत नाही. उलट यादीत नाव आहे पण ओळखपत्र हरवले, तर आयोगाने मान्य केलेले छायाचित्र असलेले दुसरे ओळखीचे कागद चालतात. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून एकटी ओळख म्हणून चालत नाही.

नावनोंदणीचे अर्ज थोडकेच आहेत. नवीन नावासाठी नमुना ६. नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावास हरकत घेण्यासाठी नमुना ७. नाव, वय, पत्ता यांतील दुरुस्ती किंवा घर बदलल्याची नोंद यांसाठी नमुना ८. घर बदलल्यावर पूर्वी निराळा नमुना लागे. ऑगस्ट २०२२ पासून तेही काम नमुना ८ वरच होते. पूर्वी वर्षातून १ जानेवारी ही एकच पात्रता-तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. मुलगा किंवा मुलगी फेब्रुवारीत अठरा वर्षांची झाली तर पुढील वर्षाची वाट पाहावी लागत नाही. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर भरता येतो, तसाच तो आपल्या केंद्राच्या बी.एल.ओ.कडे हातीही देता येतो. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

काळाचे भान येथे फार महत्त्वाचे. विधानसभा वा लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पुरी होईपर्यंत यादीत नाव घालता किंवा काढता येत नाही. प्रचाराचे कर्णे वाजू लागल्यावर जागे होणाऱ्यास मग कोणीही मदत करू शकत नाही.

बेळगावात आणखी एक अडचण आहे, ती नावाच्या लेखनाची. आपली नावे मराठी, गुजराती किंवा मारवाडी वळणाची. ती कन्नड लिपीत जातात, तेथून रोमन लिपीत, आणि परत येताना रूप बदलून येतात. शहा, शाह व शा ही एकाच घरातील तीन माणसांची तीन आडनावे होतात. कोणी एका कागदावर "जैन" लिहितो, दुसऱ्यावर "ओसवाल" किंवा "पोरवाल", तिसऱ्यावर गोत्राचे नाव. सासरी आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते. म्हणून यादीत शोध घेताना केवळ नावाने न घेता ओळखपत्राच्या क्रमांकाने घ्यावा, आणि घरातील सर्व माणसांची नावे एकाच वेळी पाहावीत. आधार, पॅन, बँकेचे खाते व मतदारयादी या चारही ठिकाणी नावाचे एकच रूप असावे, ही काळजी व्यवहाराच्या दृष्टीनेही हिताचीच आहे.

कोणती निवडणूक, कोणती हद्द

शहरातील मतदार विधानसभेसाठी मुख्यतः बेळगाव उत्तर व बेळगाव दक्षिण या दोन मतदारसंघांत विभागलेले आहेत. या याद्या व निवडणुका भारत निवडणूक आयोगाकडे असतात. महानगरपालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिच्यासाठी शहराचे ५८ प्रभाग केलेले आहेत. आजवर विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार यादी तयार करण्याची पद्धत राहिली आहे. म्हणजे पहिल्या यादीत पत्ता जुना राहिला तर दुसरीतही प्रभाग जुनाच येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्थानिक निवडणुका यंत्राऐवजी मतपत्रिकेवर घ्याव्यात, आणि त्यांची यादी राज्य आयोगाने स्वतः तयार करावी, अशी शिफारस केली. तेव्हा पुढील निवडणुकीच्या वेळी प्रारूप यादीची सूचना निघताच ती पाहणे व मुदतीत हरकत देणे अगत्याचे आहे.

मागील निवडणूक ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. राजकीय पक्षांनी आपापल्या चिन्हांवर बेळगावात महानगरपालिका लढविण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी सुमारे निम्म्याच मतदारांनी मत दिले. निम्मे घरी राहिले. एखाद्या प्रभागाचा निकाल थोड्या मतांच्या फरकाने लागतो हे जाणणाऱ्यास या आकड्याचा अर्थ सांगावयास नको. पुढे महापौर व उपमहापौर यांची निवड ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे सतरा महिन्यांनी झाली. घटनेच्या कलम २४३ यू प्रमाणे पाच वर्षांची मुदत पहिल्या बैठकीपासून मोजतात; त्या हिशेबाने सभागृहाची मुदत फेब्रुवारी २०२८ च्या सुमारास पुरी होते. महापौराची निवड थेट मतदारांकडून होत नसून सभागृहात होते, आणि तीत नगरसेवकांबरोबर आमदार-खासदारांसही मत असते. कर्नाटकात नगरसंस्थांतील निम्म्यापर्यंत जागा स्त्रियांसाठी राखीव असतात व राखीव प्रभाग आळीपाळीने बदलतात. आपल्या भगिनींनी या गोष्टीकडे केवळ मतदार म्हणून पाहू नये, एवढे सुचवावेसे वाटते.

कँपमधील सभासदांची स्थिती निराळी आहे. तो भाग छावणी मंडळाच्या कक्षेत, २००६ च्या छावणी कायद्याखाली येतो. तेथील रहिवाशांस महानगरपालिकेत मत नाही. देशातील छावणी मंडळांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ रोजी व्हावयाच्या होत्या, पण त्या मार्च २०२३ मध्ये रद्द करण्यात आल्या. शहरालगतच्या ग्रामपंचायत हद्दीत बंगला बांधून राहावयास गेलेल्यांनीही ध्यानात ठेवावे, की त्यांचे स्थानिक मत आता त्या पंचायतीत आहे.

मतदानाचा दिवस

आपल्या आधीच आपल्या नावावर कोणी मत देऊन गेला असे आढळल्यास निमूटपणे परत फिरू नये. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत अशा वेळी ओळख पटवून "प्रदत्त मत" मागता येते. ते निराळ्या मतपत्रिकेवर घेऊन लिफाफ्यात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरले जात नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर त्याचे महत्त्व असते. बोटावरची न पुसली जाणारी शाई आपल्याच राज्यातील म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते व १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे, हेही जाता जाता सांगण्यासारखे आहे.

दुकानदारांशी थेट संबंध असलेली एक तरतूद येथे सांगितलीच पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १३५ ब अन्वये लोकसभा व विधानसभेच्या मतदानादिवशी दुकानातील नोकर, गुमास्ता, हमाल यांस भरपगारी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक आहे. रोजंदारीचा माणूसही यात येतो. ती न दिल्यास दंड आहे; परंतु दंडाची रक्कम किरकोळ असल्याने तिच्या भयाने नव्हे, तर कर्तव्य म्हणून हे पाळावे. महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी सरकार निराळी सुट्टी जाहीर करते. ती जाहीर होण्यापूर्वीच आपण आपल्या माणसांस सवड द्यावी हे उत्तम.

दुकानाच्या प्रभागात आपला अधिकार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जेथे मत नाही, तेथे व्यापाऱ्याने काय करावे? मत नसले तरी सेवा मागण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे, आणि तो बजावण्याची साधने कायद्यानेच दिली आहेत.

प्रथम, कोणते काम कोणाकडे हे नीट ठाऊक असावे. कचरा, गटारे, पथदीप, प्रभागातील रस्ते, जन्ममृत्यूचे दाखले, घरपट्टी व व्यापार परवाना ही महानगरपालिकेची कामे. वीज हेस्कॉमकडे, तिच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक. बुडाने वसविलेली वसाहत महानगरपालिकेकडे सोपविली जाईपर्यंत तेथील रस्ते-गटारे बुडाकडेच असतात. पाणी राकसकोप व हिडकल या दोन जलाशयांतून येते. दहा प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याची व्यवस्था प्रायोगिक म्हणून सुरू झाली. तक्रार चुकीच्या दारी नेल्यामुळे जितकी कामे अडतात, तितकी कोणाच्या आकसामुळे अडत नाहीत.

दुसरे, घरपट्टी. कर्नाटकात मालक स्वतःच आकारणी करून कर भरतो. वर्ष सुरू होताच एप्रिलमध्ये पूर्ण कर भरल्यास शेकडा ५ सूट मिळते. मुदत टळल्यावर दरमहा दंड चढत जातो. कराबरोबर आरोग्य, ग्रंथालय व भिक्षुक-पुनर्वसन असे उपकरही आपण देतो. यांपैकी ग्रंथालयाचा उपकर शेकडा ६ आहे. तेव्हा शहरातील वाचनालयांची अवस्था विचारण्याचा हक्क आपणास नाही असे कोणी समजू नये. येथेच एक सूचना: खाते आजोबांच्या नावावरच राहिले असेल तर वारसांची नोंद करून घ्यावी. घरपट्टीची पावती वा खाते-उतारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पण खाते अद्ययावत नसेल तर विक्री, कर्ज व वाटणी या तिन्ही वेळी अडचण येते.

तिसरे, सकाल. २०११ च्या या कायद्याखाली दाखले, खाते-बदल, परवाने अशा अनेक सेवांना ठराविक दिवसांची मुदत आहे. अर्ज देताना पोचक्रमांक मागून घ्यावा. तो नसला तर पुढचे सारे व्यर्थ. मुदत उलटल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि विलंबाबद्दल अर्जदारास दररोज २० रुपये, अधिकात अधिक ५०० रुपये भरपाई मिळू शकते. रक्कम लहान असली तरी ती संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होते, म्हणून तिचे वजन मोठे.

चौथे, माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. आपल्या गल्लीच्या गटाराच्या कामास किती रक्कम मंजूर झाली, ते कोणास दिले, पुरे झाल्याचा दाखला कोणी दिला, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ गोष्टी मार्गास लागतात. हे विचारण्यास त्या प्रभागाचा मतदार असावे लागत नाही.

हक्क सांगताना कर्तव्याचाही उल्लेख आवश्यक. ओला, सुका व घातक कचरा दुकानातच वेगळा करणे, १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकवापर प्लॅस्टिकच्या वस्तू न विकणे, दुकानाची मांडणी पदपथावर न आणणे, ही पथ्ये पाळणाऱ्याच्याच तक्रारीस नैतिक बळ असते.

पेठेच्या प्रश्नावरील उपाय यातूनच निघतो. आपली मते आज अनेक प्रभागांत विखुरलेली आहेत. ही दुर्बलता वाटते खरी. पण प्रत्येकाने आपल्या राहत्या प्रभागात नाव नीट नोंदवून मत दिले, तर एका प्रभागात नव्हे, अनेक प्रभागांत पेठेचे हित जाणणारे मतदार असतील. पेठेचा रस्ता सभागृहाच्या बहुमताने मंजूर होतो. एकट्या पेठेच्या नगरसेवकाने नव्हे. हिंदवाडीच्या वा शाहूनगरच्या नगरसेवकास जेव्हा कळेल की आपले शेकडो मतदार दिवसभर रविवार पेठेत असतात, तेव्हा तोही त्या रस्त्यासाठी हात वर करील.

दिवाळीत आपण वह्यांचे पूजन करतो व जुन्या खात्यांचा ताळा पाहतो. त्याच आठवड्यात घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव, पत्ता व मतदान केंद्र यादीत पाहून घ्यावे, आणि दुकानातील नोकरांसही तसे करण्यास साहाय्य करावे. कामास अर्धा तास पुरतो. सभासद बंधुभगिनींनी हे व्रत म्हणून नव्हे, व्यवहार म्हणून करावे, एवढीच नम्र विनंती.